मिश्र गट एकत्र काम करतो, पण एकमेकांकडून शिकत नाही? या चुका टाळा

कला आणि डिझाइनच्या शिक्षणात आंतरशाखीय प्रकल्पांची गत बहुतेकदा एकसारखीच होते. टेक्स्टाइल, ग्राफिक, अ‍ॅनिमेशन, सिरॅमिक्स अशा शाखांमधली चार-पाच मुलं एका गटात येतात. पहिल्या तासाला भिंतभर चिठ्ठ्या लागतात, आठवड्याभरात कामं वाटली जातात आणि जो तो आपापल्या स्टुडिओत परततो. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडण्याच्या, आदल्या रात्री सगळे तुकडे जोडले जातात. वस्तू बरी दिसते, मार्कही मिळतात. पण ग्राफिकच्या मुलीला विणकामातलं आणि विणकाम शिकणाऱ्या मुलाला अक्षररचनेतलं नवं काहीच कळलेलं नसतं. माझ्या मते यात मुलांच्या आळसापेक्षा प्रकल्पाच्या आखणीचा दोष मोठा आहे.

पहिल्याच दिवशी कामं वाटून टाकणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. "तू ग्राफिक्स बघ, मी कोड करतो, मॉडेल ती करेल" असं ठरलं की शिकण्याची वाट तिथेच बंद होते, कारण प्रत्येक जण आधीपासून येत असलेलंच काम पुन्हा करतो.

यावर उपाय म्हणजे सुरुवातीचे काही दिवस कामांची अदलाबदल करणं. प्रत्येकाने दुसऱ्याच्या शाखेतलं एक छोटं काम स्वतःच्या हाताने करायचं आणि ते शिकवायचं त्या शाखेच्या सहकाऱ्यानेच. समजा, ग्राफिकच्या विद्यार्थिनीने कापडासाठी पानाचा आकार काढला आहे, कडा अगदी गुळगुळीत. विणणारा सहकारी तिला छोट्या चौकटीच्या मागावर बसवतो, ताणा म्हणजे उभे धागे लावून देतो आणि ते पान विणायला सांगतो. दहाव्या-बाराव्या ओळीला तिच्या लक्षात येतं की वळण वळतच नाही, त्याच्या पायऱ्या होतात. आडवा धागा उभ्या धाग्याच्या वर तरी जातो नाहीतर खाली तरी. अधलंमधलं काही नाही. मग ती आलेखाच्या कागदावर पान नव्याने काढते आणि पायऱ्या कुठे दिसू द्यायच्या, कुठे लपवायच्या हे स्वतः ठरवते. विणणाऱ्यालाही शिकवताना पहिल्यांदाच प्रश्न पडतो की इतक्याच जाडीचा धागा आपण का घेतला? हा एक तास महिनाभराच्या मीटिंगांपेक्षा जास्त देऊन जातो.

एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांमध्ये याच धर्तीची पद्धत सुरू केली होती. धड्याचा एकेक भाग एकेका मुलाकडे. त्याने तो बाकीच्यांना शिकवल्याशिवाय कोणाचाच धडा पूर्ण होत नसे. स्टुडिओत धड्याच्या जागी कौशल्य असतं, एवढाच फरक.

एका शाखेला पाहुणी म्हणून बोलावणं

संकल्पना एकाची आणि बाकीचे ती "करून देणारे" अशी उतरंड नकळत तयार होते. कधी डिझायनरला शेवटी रंगरंगोटीपुरतं बोलावतात, कधी प्रोग्रामरला फक्त बटण चालवायला. हा प्रश्न जुनाच आहे. १९१९मध्ये जर्मनीतल्या वायमारला सुरू झालेल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत कार्यशाळांसाठी दोन गुरू नेमण्याची पद्धत होती, एक कलाकार आणि एक कारागीर. तिच्या डोर्नबुर्गच्या कुंभारकामाच्या कार्यशाळेत शिल्पकार गेरहार्ड मार्क्स आणि पिढीजात कुंभार माक्स क्रेहान अशी जोडी शिकवत असे. कल्पना उत्तम होती, पण संस्थेचे निर्णय घेताना कारागीर गुरूंना कलाकारांच्या बरोबरीचा हक्क नव्हता. पुढे संस्था देसाउला गेल्यावर दोन्ही बाजू येणारे माजी विद्यार्थीच शिक्षक झाले आणि ही जोडपद्धत मागे पडली.

म्हणून विषय ठरवण्याच्या पहिल्या बैठकीला सगळ्या शाखा हजर हव्यात. शिक्षकांनीही एकमेकांच्या देखत मतभेद मांडावेत. वर्गात दोन शिक्षक एकाच कामाबद्दल वेगळं बोलतात आणि तरी एकमेकांचं ऐकून घेतात, हे मुलांना दिसलं तर ती गटातही तसंच वागायला लागतात.

सगळ्यांना एकच घड्याळ लावणं

फाइल रात्रीतून बदलता येते, मातीचं भांडं नाही. ते आधी पूर्ण वाळावं लागतं, मग भाजावं लागतं, ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप लावून पुन्हा भट्टीत जातं, आणि तापलेली भट्टी थंड होण्याआधी उघडली तर भांड्याला तडा जाऊ शकतो. तरीही वेळापत्रकात "अंतिम सादरीकरण, शुक्रवार" एवढंच लिहिलेलं असतं. परिणाम ठरलेला: सिरॅमिक्सच्या मुलाला सगळ्यांच्या आधी निर्णय घ्यावा लागतो, बाकीचे शेवटच्या दिवसापर्यंत मत बदलत राहतात आणि भांडण होतं. सगळ्यात संथ साहित्याच्या तारखा आधी फळ्यावर लिहा आणि उरलेलं काम त्याभोवती बसवा. एक फसलेला प्रयत्न पचवण्याइतकी जागाही त्यात ठेवा. अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये १९४८च्या उन्हाळ्यात डिझायनर बकमिन्स्टर फुलर यांनी विद्यार्थ्यांसोबत व्हेनेशियन पडद्यांच्या पट्ट्यांचा घुमट उभारायला घेतला आणि तो उभाच राहिला नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते परत आले, वेगळ्या रचनेचा घुमट घेऊन, आणि तो उभा राहिला. आपल्या सत्रात दुसरा उन्हाळा नसतो. मग पहिला पूर्ण नमुना सत्राच्या मध्यावरच मोडून बघायला हवा.

सगळ्यांची मर्जी राखणं

कोणी नाराज नको म्हणून प्रत्येक शाखेचं काहीतरी घातलं जातं: प्रोजेक्शन, आवाज, विणलेलं कापड आणि सेन्सरही. असं काम समोर आलं की एक माध्यम काढून टाकायला सांगा. काहीच बिघडलं नाही, तर ते आधीपासूनच उपरं होतं. मतदानाने कल्पना निवडणंही टाळा. दोन्ही कल्पनांचे कच्चे नमुने करून शेजारी ठेवले की निवड सोपी होते.

मार्क फक्त वस्तूला देणं

गटाला एकच आकडा दिला की न राबणारा तरतो आणि राबणारा चिडतो. काही गुण गटाचे, काही व्यक्तीचे ठेवा. ज्युरीत प्रश्नांची दिशाही उलटी करा: हा धागा का निवडला, हे अ‍ॅनिमेटरला विचारा, ही हालचाल इतकी संथ का, हे विणणाऱ्याला. "ते तिलाच विचारा" असं उत्तर आलं, तर गटात कामाची वाटणी झाली, देवघेव नाही. हेच प्रश्न सत्राच्या मध्यावर विचारले तर सुधारायला वेळही मिळतो.

एक बाब शेवटपर्यंत कोणी काढत नाही: हे काम पोर्टफोलिओत कोण आणि कसं दाखवणार? कोणी काय केलं, मूळ फाइली कोणाकडे राहतील, नावं कोणत्या क्रमाने येतील, हे पहिल्या आठवड्यातच अर्ध्या पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. काम बदलत गेलं की तो कागदही बदला.