चाळिशीनंतर पेटी शिकताय? या चुका टाळा

मोठेपणी पेटी (हार्मोनियम) शिकायला बसणाऱ्याला बोटांपेक्षा कानाचा त्रास जास्त होतो. इतकी वर्षं नाट्यपदं, भावगीतं, अभंग ऐकून कान पार मुरलेला असतो आणि बोटं अजून बालवाडीत. आठ वर्षांच्या मुलाला आपण किती अडखळतोय याचं सोयरसुतक नसतं, ते खुशाल वाजवत सुटतं. आपल्याला प्रत्येक चूक ऐकू येते, लाज वाटते, मग ती झाकायला आपण घाई करतो. पुढच्या बऱ्याचशा चुका या घाईच्याच आहेत.

आधी मोठी पेटी

‘घ्यायचीच तर एकदाच भारी घेऊ’ म्हणून स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी पेटी, घेणारे पुष्कळ असतात. ती जड असते, दुरुस्तीला कटकटीची असते आणि नवशिक्याला तिचा काही उपयोग नसतो. दोन रीडची, म्हणजे दर पट्टीमागे आवाज काढणाऱ्या धातूच्या दोन जिभा असलेली, साधी पेटी काही वर्षं आरामात पुरते. दुकानात मात्र घाई करू नका. समोरचे हवेचे स्टॉपर (ओढायच्या खुंट्या) ओढा, एकच सूर सतत धरणारे ड्रोनचे मात्र बंद ठेवा, एकही पट्टी दाबू नका आणि भाता मारा. एखादा सूर आपोआप बोलायला लागला तर ती पेटी ठेवून द्या. मग अगदी कमी हवेत एकेक पट्टी दाबून पाहा. काही सूर चटकन बोलतात, काही उशिरा जागे होतात. असे उशिराचे सूर जास्त असतील तर दुसरी पेटी बघा.

आवाज हिंदकळतोय?

प्रत्येक सुराला एक भाता मारला जातोय, म्हणून. उजव्या हाताने पट्टी दाबली की डावा हातही आपसूक हलतो. दोघांची फारकत व्हायला वेळ लागतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण हमखास आहे. नुसता सा धरून ठेवा आणि आवाज कुठेही न फुगता, न खचता भाता चालवा. भाता पूर्ण रिकामा होण्याआधीच हलकेच भरत राहायचा. रोजच्या बसण्यातली पहिली काही मिनिटं एवढंच करा.

रोज नवी बोटं

आज ‘म’वर अंगठा, उद्या तर्जनी, परवा जे बोट मोकळं सापडेल ते. प्रगती अडकण्याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी लक्षात येणारं कारण हे. पांढरी एकला (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) सा धरला तर शुद्ध स्वरांचं सप्तक सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर येतं. सा-रे-ग अंगठा, तर्जनी, मधलं. मग अंगठा आतून ‘म’वर घ्यायचा आणि पुढे ओळीने करंगळीपर्यंत वरचा सा. काही गुरुजी थोडी वेगळी पद्धत शिकवतात, तीही चालते. पण जी धराल ती बदलू नका. तीन यूट्यूब चॅनेलांवरून तीन पद्धती उचलणाऱ्याची बोटं सहा महिन्यांनीही विचारत बसतात, ‘आता कोण?’

हुरूप टिकवायला एक गंमत: काळी तीनला (तीन काळ्यांच्या गटातली पहिली) सा धरा आणि नुसत्या काळ्या पट्ट्या ओळीने वाजवा. सा रे ग प ध, म्हणजे भूप रागाचे पाचही स्वर. एकही पांढरी पट्टी लागत नाही. घरच्यांना ऐकवायला झकास.

गाणं पुढे सरकतच नाही

इथे थोडं थांबू या, कारण पेटी सोडून देणारे बहुतेक इथेच सोडतात. भजन वाजवायला घेतलं, मुखडा छान आला, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत अडलं. मग काय करतो आपण? पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच अडतं. तासाभराने मुखडा भरपूर वेळा वाजवून होतो आणि अडलेली जागा तितक्याच वेळा चुकीची वाजते. हातात चूकच पक्की बसते.

अडलेली जागा वेगळी काढा. समजा ‘ग प ध सां’ (सां म्हणजे वरचा सा) नीट जातं आणि ‘सां’वरून ‘ध प’कडे उतरताना बोट चुकतं. मग फक्त ‘ध सां ध प’ एवढंच घ्या, निम्म्या लयीत. न अडखळता अनेकदा आलं की मागचा एक स्वर जोडा, मग पुढचा एक. ओळ अशी जोडत न्या. मुखड्याचं सुख त्या दिवशी मिळणार नाही, हे मान्य.

लय सुटतेय, पण कळत नाही

पट्टी शोधताना आपण थांबतो आणि सापडली की भरपाई म्हणून पळतो. वाजवताना हे जाणवत नाही. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं की लगेच कळतं. तबल्याच्या ॲपवर आठ मात्रांचा भजनी ठेका लावा, मिनिटाला साठ मात्रांच्या आसपास, आणि मात्रेला एक स्वर एवढंच वाजवा. सूर चुकला तर चुकू द्या, ठेका सोडू नका.

पुस्तकातले स्वर उलटेच लागतात

स्वराच्या डोक्यावर टिंब दिसलं की आपण तार (वरचं) सप्तक समजतो. स्वर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत ते बरोबर आहे. तिथे मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराचं टिंब खाली असतं. पलुस्कर पद्धतीत मात्र डोक्यावरचं टिंब मंद्राचं आणि तारेसाठी वर उभी रेघ. त्यामुळे आधी पुस्तकात चिन्हांचं पान उघडा, मगच पेटी.

मींड निघत नाही

मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. पेटीवर ती निघणारच नाही. पेटीचे सूर ठरलेल्या जागी बसलेले; दोन पट्ट्यांच्या मधून सूर ओढत नेता येत नाही. आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीला बाहेर ठेवलं, त्यामागे हाही आक्षेप होता. गायकाच्या गळ्यातली जागा पेटीवर हुबेहूब आली नाही म्हणून हिरमुसू नका. तिथे कणस्वर, म्हणजे मुख्य सुराआधी चाटून जाणारा शेजारचा सूर, लावून भागवतात, आणि तो नंतरचा धडा आहे.

परीक्षेची घाई

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक ही पहिली परीक्षा द्यावी का? शिस्त लागते, म्हणून जरूर द्या. पण प्रारंभिकला बसायच्या आधीच पुढची मोठी परीक्षा, विशारद, किती वर्षांत होईल याचा हिशोब मांडणारेही असतात. त्यांचा सगळा रियाज अभ्यासक्रम उरकण्यात जातो, आणि घरी कोणी ‘काहीतरी वाजव’ म्हटलं की हात आखडतो.

पावसाळ्यात पट्टी अडकली

दमट हवेने लाकूड फुगतं, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. जोर लावून पट्टी उचकटू नका आणि तेल तर अजिबात सोडू नका. पेटी भिंतीपासून लांब, कोरड्या खोलीत ठेवा आणि रोज थोडी वाजवा. सूर उतरला असेल तर रीड स्वतः घासायला जाऊ नका. रीड टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाकडे घासली की उतरतो आणि जास्त घासलेला धातू परत येत नाही. ते काम पेटी दुरुस्त करणाऱ्याचं.