लहानपणीचं आवडतं पुस्तक परत वाचायचंय? मग दुसऱ्या भाषेतही वाचून बघा, ते असं

पुस्तक हातात घ्यायच्या आधी एक काम करा. त्यातलं जेवढं आठवतंय तेवढं फोनच्या नोट्समध्ये लिहून काढा, कोण कोण होतं, शेवट काय झाला, कुठलं चित्र डोक्यात बसलंय. गुगल करायचं नाही. हे नाही केलं तर वाचताना प्रत्येक पानाला 'हो हो, हे माहितीये' असं वाटत राहतं आणि अर्धी गंमत तिथेच जाते. ज्यूल व्हर्नचं ते ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारायचं पुस्तक घ्या, लहानपणी वाचलेले कितीतरी जण छातीठोकपणे सांगतात की फिलिआस फॉग बलूनमधून जातो. पुस्तकात तो बलूनमध्ये बसतच नाही! बलून आला १९५६ च्या सिनेमातून आणि मग मुखपृष्ठांवर पण जाऊन बसला.

मग आवृत्ती बघायची. आपण लहानपणी वाचलेल्या परदेशी गोष्टी बऱ्याचदा संक्षिप्त नाहीतर रूपांतरित असायच्या, आतल्या पानावर तसं बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते बघून घ्या. जुनी प्रत रद्दीवाल्याकडे, पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा गावातल्या वाचनालयात मिळून जाते, आणि मिळाली तर तीच घ्या, चित्रांसकट. आणि इंग्लिशमध्ये आहे म्हणजे ओरिजिनल असं समजू नका हां, व्हर्न फ्रेंचमध्ये लिहायचा आणि त्याच्या पाणबुडीच्या कादंबरीच्या पहिल्या इंग्लिश अनुवादात जवळजवळ पाव पुस्तक गाळलेलं होतं. तोच अनुवाद पुढे वर्षानुवर्षं छापला गेला.

पहिलं वाचन मराठीतच, भराभर. पेन्सिल वगैरे नको. लहानपणी आपण काय काय सोडून पुढे पळालो होतो ते मात्र बघत जा, कारण मोठेपणी पुस्तक तिथेच पकडतं. श्यामची आई घ्या. सगळ्यांना आईचा पदर आणि आपण रडलो होतो एवढं आठवतं. ईएमआय भरणाऱ्या माणसाने ते आता वाचावं, त्यात सावकार आहे, जप्ती आहे, 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' असं एका प्रकरणाचं नावच आहे, आणि एक घर हळूहळू कसं बुडतं हे साने गुरुजींनी जे लिहिलंय ते दहा वर्षांच्या मुलाला कळणं शक्यच नव्हतं. त्या पुस्तकात प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय, एकूण ४२ रात्री आहेत, तर रोज झोपताना एकच रात्र वाचा. सलग वाचाल तर तिसऱ्या दिवशी नको होईल, एवढं रडणं एकदम झेपत नाही.

आता दुसरी भाषा. माझं ठाम मत आहे की परक्या भाषेतलं पहिलं क्लासिक हे गोष्ट आधीपासून माहीत असलेलंच हवं, उगाच कोणी थोर म्हटलंय म्हणून अनोळखी जाडजूड कादंबरी घेऊ नये, वीस पानांत बुकमार्क अडकतो तो कायमचा. पुढे काय होणारे हे माहीत असलं की अर्धे शब्द आपोआप कळतात.

आणि पान एकपासून सुरू करू नका! शाळेत मार्कांसाठी फ्रेंच घेतलेलं असेल तर ते पुसट झालेलं फ्रेंच घेऊन व्हर्नचं ते ऐंशी दिवसांचं पुस्तक उघडा, ३७ प्रकरणं आहेत, थेट दहाव्यावर जा. फॉग मुंबईत उतरतो, तारीख २० ऑक्टोबर १८७२. त्याचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो, पुजारी त्याला बदडतात, बूट तिथेच राहतात आणि हा अनवाणी, बोडक्या डोक्याने, आठची गाडी सुटायला पाच मिनिटं असताना स्टेशनवर पोचतो. पुढच्या प्रकरणात कल्याण, घाट, खानदेश, मग बऱ्हाणपूरला गाडी थांबते तेव्हा हा खोटे मोती लावलेल्या सपाता विकत घेतो. नावं सगळी आपली, स्पेलिंग तेवढं विचित्र, त्यामुळे अनोळखी वाक्यातही डोळ्यांना धरायला काहीतरी मिळतं.

इथे मोठेपणीचं वाचन पण कामाला येतं. व्हर्न भारतात कधी आलाच नव्हता, आणि ते कळतं. बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाबरोबर सती चालवलेली राणी आउदा ही चक्क मुंबईच्या श्रीमंत पारशी व्यापाऱ्याची मुलगी आहे, पारशी मुलगी तिथे कशी पोचली तर जबरदस्तीने लग्न लावून दिलं म्हणे. लहानपणी हे कुणाला खटकलंय! मुंबई-कलकत्ता लाइन १८७० मध्येच जोडली गेली होती, पण पुस्तकात रूळ मध्येच संपले नसते तर दोन हजार पौंडांचा हत्ती कसा आला असता, तेव्हा ते सोडून द्या.

व्याकरणाचा एक खड्डा आधीच सांगते. क्लासमध्ये भूतकाळ म्हणून पासे काँपोझे शिकवतात आणि कादंबरीत सगळीकडे पासे सँप्ल, म्हणजे लिखाणातला वेगळाच भूतकाळ असतो, पहिल्याच वाक्यात शेरिडन नावाचा नाटककार वारला हे त्याच काळात लिहिलंय. एक संध्याकाळ फक्त त्याची तृतीयपुरुषी रूपं बघून घ्या, गोष्टीला बहुतेक तेवढीच लागतात. डिक्शनरी पानाला पाच वेळाच, आणि शब्दांच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहायचा नाही, नाहीतर दुसऱ्यांदा वाचताना डोळे फक्त मराठीच वाचतात.

फ्रेंचच्या वाटेला जायचं नसेल तर हिंदी आहेच. प्रेमचंदांची ईदगाह घ्या, हमीदच्या खिशात तीन पैसे, चिमटेवाला सहा सांगतो, मग पाचवर येतो आणि शेवटी तीनला देतो, ही घासाघीस मोठ्याने वाचा, न अडखळता वाचता आली की मोठ्या कादंबऱ्यांकडे वळा. गुजराती लिपीला शिरोरेखा नाही, बरीचशी अक्षरं आपल्यासारखीच, दुकानांच्या पाट्यांवरून सुद्धा जमते.

पैसे फारसे लागत नाहीत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे साने गुरुजी (१९५०), प्रेमचंद (१९३६), व्हर्न (१९०५) तिघांची मूळ पुस्तकं मोकळी आहेत, फक्त नवा अनुवाद असेल तर त्याचे हक्क वेगळे. व्हर्नचं फ्रेंच गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट आहे आणि लिब्रिव्हॉक्स या साइटवर फ्रेंच ऑडिओ पण मिळतो, तो थोडा स्लो करून लावा आणि समोर पुस्तक धरा. नुसतं कानाने ऐकायला जाल तर सुरुवातीला काही पत्ता लागणार नाही.