पुणे ते कोल्हापूर: छोटी संग्रहालयं आणि बागा कशा पाहाव्यात

‘एका दिवसात सात ठिकाणं’ छापाच्या याद्या आधी बाजूला ठेवा. सकाळी एक संग्रहालय, संध्याकाळी जमलं तर एक बाग. यापेक्षा जास्त ठरवलंत तर दिवस रस्त्यातच जातो.

ठिकाण कसं निवडायचं

एखादी वस्तू मनात धरा आणि तिच्यासाठी निघा. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटीशी कांस्यमूर्ती आहे. ती सापडली पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात. घाटावरच्या या गावात समुद्राचा देव आला कसा, याचं उत्तर रोमन जगाशी चाललेल्या व्यापारात आहे. तेवढ्या एका मूर्तीसाठी कोल्हापूरला जावं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं ठिकाण औंध. हे सातारा जिल्ह्यातलं औंध, पुण्यातलं नव्हे. नकाशात टाकताना नीट बघा. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय त्यांनीच उभारलं. लोक तिथे राजा रविवर्म्याची चित्रं शोधत फिरतात आणि इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरच्या आई-मुलाच्या दगडी शिल्पापुढून न थांबता निघून जातात. तुम्ही थांबा.

फोन

आदल्या दिवशी फोन करा. नेटवरच्या वेळांवर विसंबू नका. उद्या उघडं आहे का, दुपारी बंद असतं का, आणि एखादं दालन दुरुस्तीला काढलंय का, एवढं विचारा. शेवटचा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही आणि नेमकं हवं ते दालन कुलपात सापडतं. कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात छोट्या गाड्यांचा खेळ होतो, तिथे खेळाची वेळही विचारून घ्या.

फोटोची परवानगी तिकिटाच्या खिडकीवरच घ्यावी.

दालनात शिरल्यावर

अवघड काम इथून सुरू होतं, आणि याबद्दल कुणी धड सांगत नाही. मलाही हे जमायला बराच काळ लागला.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय घ्या. दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहीत. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या आठवणीत त्यांनी हा संग्रह उभा केला. त्यात २०,००० हून जास्त वस्तू आहेत आणि मांडलेल्या साधारण २,५००. दिवे, कंगवे, दौती, वाद्यं, दरवाजे. पहिल्या कपाटापासून प्रत्येक पाटी वाचत गेलात तर तिसऱ्या दालनात डोळे शिणतात आणि पुढचं सगळं सारखंच दिसायला लागतं. ‘काही सोडू नका, प्रत्येक पाटी वाचा’ हा सल्ला मुलांना तर देऊच नका. त्यानंच त्यांना संग्रहालयाचा कायमचा कंटाळा येतो.

त्याऐवजी असं करा. पहिली फेरी न थांबता मारा. फोन खिशात, वाचन बंद, फक्त चालायचं. कुठे पाय आपोआप रेंगाळला ते लक्षात ठेवा. मग परत फिरून त्या एकाच प्रकारच्या वस्तूंपाशी जा आणि तिथेच वेळ घालवा.

समजा, वज्री निवडलीत. पाय घासायची साधी पितळी वस्तू. वरून पाहिली तर एखादा पक्षी किंवा प्राणी दिसतो आणि बहुतेक जण ‘किती सुंदर’ म्हणून पुढे सरकतात. तुम्ही गुडघ्यात वाका, खालची बाजू जेवढी दिसेल तेवढी पाहा. मळ निघावा म्हणून तिथे बारीक खाचा पाडलेल्या असतात. म्हणजे वरचा पक्षी नुसती शोभा नाही, ओल्या हातातून निसटू नये म्हणून केलेली ती मूठ आहे. आता शेजारची वज्री बघा, मग तिच्या पलीकडची. कुणाची पकड सोयीची, कुठे कारागिरानं नक्षीपायी सोय सोडली, हे आपलं आपल्यालाच कळायला लागतं. पाटीवर यातलं काही लिहिलेलं नसतं.

अडकित्त्याचंही तेच. ‘वापरताना हात कुठे असेल?’ हा एकच प्रश्न प्रत्येक अडकित्त्याला विचारा. बिजागरी कुठे, बोटं कुठे, पातं कुठे. घरात आजी असतील तर त्यांना सोबत न्याच. कपाटातली निम्मी भांडी त्यांनी हाताळलेली असतात, आणि त्या सांगू लागल्या की मधे बोलू नका.

दालनात बसलेल्या काकांशीही बोला. ‘काका, यातलं तुम्हाला सगळ्यात काय आवडतं?’ एवढंच विचारा. रोज तिथे असणाऱ्या माणसाला कुठल्या वस्तूवर कधी उजेड पडतो, लोक काय न बघता जातात, हे पक्कं ठाऊक असतं.

दीड तास झाला की बाहेर पडा, पाहायचं राहिलं असलं तरी.

बाग

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. ही बाग चालत पाहायची असते. वाटेच्या प्रत्येक वळणावर पाणी, दगड आणि हिरवळ यांची मांडणी बदलते, म्हणून एका जागी बसकण मारून ती कळत नाही. पुण्यातल्याच एम्प्रेस गार्डनमध्ये मात्र उलट करा. तिथली जुनी झाडं हेच वैभव. एक झाड निवडा आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत निवांत बघा. जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन छान असतं, पण त्या गर्दीत झाडं पाहून होत नाहीत.

निघताना

अभिप्रायाच्या वहीत ‘खूप छान’ लिहू नका. कुठल्या कपाटातला बल्ब गेलाय, कोणती पाटी भलत्याच वस्तूपुढे आहे, ते दालनाच्या नावासह लिहा.