जुनी गाडी ऑनलाइन विकायची आहे? आधी खर्चाचा कागद मांडा

जाहिरात फुकट टाकता येते, म्हणून गाडी फुकटात विकली जाते असं नाही. पहिलं काम म्हणजे हातात पडणारी रक्कम काढणं. अपेक्षित किमतीतून साइटचं कमिशन, जाहिरात वर ठेवण्याचे पैसे, कर्जाची बाकी, मुदतीआधी कर्ज फेडण्याचं शुल्क, साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती वजा करा. सगळ्यात जास्त विसरला जातो तो गाडी नुसती उभी राहण्याचा खर्च. महिन्याचं व्याज, विमा आणि पार्किंगचं भाडं यांच्या बेरजेला 30 ने भागा, म्हणजे रोजचा आकडा मिळेल. वर गाडीचं वय वाढतं आणि भाव उतरतो, ते वेगळंच. थोड्या जास्त किमतीसाठी आणखी महिनाभर थांबायचं की नाही, हे या आकड्यावरून ठरवा.

कमिशन कशावर लागतं, मागितलेल्या किमतीवर की प्रत्यक्ष व्यवहारावर, आणि कर त्यात धरलाय का, हे अटींमध्ये वाचून घ्या. जाहिरात वर ठेवण्याची मुदत सहसा पैसे भरल्या क्षणी सुरू होते. फोटो आणि कागद तयार झाल्याशिवाय ती घेऊ नका आणि आपोआप नूतनीकरण बंद करा. थेट गाडी विकत घेणाऱ्या साइटचा ऑनलाइन आकडा हा निव्वळ अंदाज असतो, तपासणीनंतर तो बहुतेक वेळा खाली येतो. कोणत्या कारणासाठी किती कापणार, बोली किती दिवस टिकते आणि नकार दिला तर काही शुल्क आहे का, हे आधीच लेखी मागा.

दुरुस्तीत हात आखडता ठेवा. बल्ब, वायपर, एसीचा फिल्टर आणि आतली स्वच्छता यांवरचा खर्च वसूल होतो. ओरखड्यासाठी पूर्ण दरवाजा रंगवून घेणं मात्र अंगाशी येतं. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. जुन्यावरच नवा रंग चढला की रंगाची जाडी मोजणाऱ्या मापकावर आकडा दुप्पट दिसतो आणि ग्राहक अपघाताचा संशय घेतो. चेक इंजिनचा दिवा स्कॅनरने नुसता पुसून टाकू नका. बिघाडाचे कोड पुसले की गाडीचा संगणक स्वतःहून करतो त्या चाचण्या अपूर्ण दिसतात, त्या पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं आणि जाणकाराच्या स्कॅनरवर ते लगेच कळतं. ग्राहक येण्याआधी इंजिन गरमही करू नका; थंड इंजिन सुरू करून पाहायचा त्याला हक्क आहे. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर अधूनमधून अर्धा तास चालवा, नाहीतर ऐन चाचणीला बॅटरी मान टाकेल.

सर्व्हिसची बिलं, विम्याची प्रत, दुसरी चावी आणि कर्ज फिटल्याचं पत्र एकाच फाइलमध्ये लावा. दुसरी चावी नसली की भाव पडतो, कारण आजकालच्या चिप असलेल्या चाव्या महाग असतात.

पैसे आल्याची खात्री स्वतःच्या बँक खात्यातच करा, ग्राहकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर नाही. पैसे घेण्यासाठी पिन किंवा ओटीपी द्यावा लागत नाही. ‘चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा’ असा निरोप आला तर व्यवहार तिथेच थांबवा.

चावी देण्याआधी फोनची जोडणी, नकाशातला घरचा पत्ता आणि गाडीच्या ॲपमधलं खातं काढा, टोलचा टॅग बंद करा. ताबा दिल्याची तारीख, वेळ आणि ओडोमीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्या. नोंदणी ग्राहकाच्या नावावर झाल्याचा पुरावा मिळेपर्यंत विमा रद्द करू नका. तोवर दंडाच्या नोटिसा तुमच्याच पत्त्यावर येऊ शकतात.