ती निळी वायर नक्की कसली?

"ताई, मधला गेला." फोनवर एवढंच. मधला म्हणजे शेजारी-शेजारी लावून एकच रुंद चित्र दाखवणाऱ्या तीन प्रोजेक्टरपैकी मधला, हे मला कळतं. पण गेला म्हणजे काय झालं? काळा पडला, निळा पडला, की चित्र तिथेच गोठलं? हे नीट सांगितलंत तर निम्मं काम फोनवर उरकतं. घोडबंदरचे हॉल, महापे-ऐरोलीतल्या कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम, वाशीची प्रदर्शनं आणि गणपतीतले देखावे या सगळ्यांना मी प्रोजेक्टर भाड्याने लावून देते. आमच्याकडे कामाला लागणाऱ्या मुलांना जे तोंडी सांगत असते, तेच इथे लिहिते आहे.

एक गोष्ट आधी पक्की करा. प्रोजेक्टरपर्यंत दोन वेगळ्या वाटा जातात. एक चित्राची: एचडीएमआय (टीव्हीला लावतो ती), एसडीआय (व्यावसायिक कॅमेऱ्यांची गोल केबल) किंवा एचडीबेसटी (चित्र लांब नेणारी, एका टोकाला ट्रान्समीटर, दुसऱ्याला रिसीव्हर). दुसरी नेटवर्कची: प्रोजेक्टर चालू-बंद करणं, मीडिया सर्व्हरनी (पडद्यांवरचे व्हिडिओ चालवणारे संगणक) एकमेकांना 'प्ले' म्हणणं, आणि हल्ली एनडीआयने (नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायची पद्धत) चित्रसुद्धा. घोळ होतो तो यात की एचडीबेसटी आणि नेटवर्क दोन्ही त्याच निळ्या कॅट-सिक्स वायरीतून, त्याच आरजे-४५ टोकाने जातात. दिसायला डिट्टो. पण एचडीबेसटी म्हणजे इथरनेट, म्हणजे साधं नेटवर्क, नव्हे. ती वायर ट्रान्समीटरमधून निघून थेट रिसीव्हरलाच गेली पाहिजे, मधे स्विच (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारा डबा) चालत नाही.

महाप्यातल्या एका कंपनीत सकाळी तिन्ही पडदे व्यवस्थित लावून आम्ही चहाला गेलो. परत आलो तर उजवा बंद. तिथल्या आयटीच्या मुलाला रॅकमागे एक निळी वायर 'मोकळी' दिसली होती, आणि त्याने ती आपल्या स्विचमध्ये छान क्लिप करून टाकली होती. त्याचा हेतू चांगला होता हो. पण काही ट्रान्समीटर त्याच वायरीतून समोरच्या डब्याला वीजही पाठवतात, त्यामुळे असले प्रयोग महागात पडू शकतात. तेव्हापासून चित्राच्या वायरीला लाल टेप आणि नेटवर्कच्या वायरीला पिवळी, दोन्ही टोकांना, आणि वर मार्करने नंबर. एकाच टोकाला टेप लावणाऱ्याला मी परत शिडीवर चढवते.

आता बिघाड शोधायचा कसा. पहिलं काम, प्रोजेक्टरच्या स्वतःच्या मेनूतला टेस्ट पॅटर्न लावा. तो पडद्यावर आला तर लाइट, लेन्स, शटर ठीक आहेत, प्रोजेक्टरला सोडा आणि वायरींकडे वळा. तोही आला नाही तर रिमोटवरचं शटर किंवा ब्लँक बटण कोणी दाबलंय का ते बघा. हसू नका, हे होतंच.

मग पडदा काय म्हणतोय ते वाचा. 'नो सिग्नल' म्हणजे प्रोजेक्टरपर्यंत काहीच पोचत नाही, किंवा इनपुट चुकीचा निवडलाय. 'आउट ऑफ रेंज' किंवा 'नॉट सपोर्टेड' म्हणजे सिग्नल पोचतोय, पण त्याला झेपणारा नाही, त्यामुळे वायर बदलून उपयोग नाही, रिझोल्यूशन नाहीतर रिफ्रेश रेट बदला. संपूर्ण चित्र गुलाबी किंवा हिरवं दिसतंय? रंग पाठवायचे दोन प्रकार असतात; एक बाजू आरजीबी पाठवते आहे आणि दुसरी त्याला वायसीबीसीआर समजते आहे. ते मेनूत दुरुस्त होतं. चित्र येतं पण पांढरे ठिपके चमकून जातात, ते मात्र वायरीचं दुखणं आहे, त्याकडे पुढे येते. आणि डेस्कटॉप दिसतो, पण सिनेमा लावला की काळं, तर एचडीसीपी. कॉपीसंरक्षण असलेला मजकूर तुमच्या एखाद्या स्प्लिटरने (एक चित्र अनेकांना वाटणारा डबा) अडवलाय. ग्राहकाला सरळ सांगा, व्हिडिओ फाइल द्या, ओटीटी ॲपमधून लावू नका.

मल्टी-स्क्रीनमध्ये एक मोठी सोय असते: बिघडलेल्या पडद्याशेजारी अगदी तसाच एक चालणारा पडदा असतो. त्याचा वापर करा. सर्व्हरच्या मागे दोन आणि तीन नंबरच्या वायरींची अदलाबदल करा. बिघाड मधून उजवीकडे सरकला तर दोष सर्व्हरच्या त्या आउटपुटमध्ये. मधेच राहिला तर दोष वायर, रिसीव्हर किंवा प्रोजेक्टरमध्ये. मग पुढच्या टोकाला तीच अदलाबदल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि चित्र आलं की तिथेच थांबायचं. घाईत तीन गोष्टी एकदम बदलल्या, चित्र आलं, पण कशामुळे आलं ते कोणालाच माहीत नाही, अशा सेटअपचा मला भरवसा वाटत नाही. सोबत सात इंची छोटा एचडीएमआय मॉनिटर ठेवा. ट्रान्समीटरच्या आधी लावून बघा, रिसीव्हरनंतर लावून बघा. वरचा प्रोजेक्टर न उतरवता साखळी कुठे तुटली ते कळतं.

ईडीआयडीवर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त वेळ हाच खातो. ईडीआयडी म्हणजे प्रोजेक्टरचा बायोडेटा: मी अमुक रिझोल्यूशन घेतो, तमुक रिफ्रेश घेतो. ग्राफिक्स कार्ड तो वाचून चित्र पाठवतं. हॉलवर नेहमी घडतं ते असं. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी दिवे वाचवायला म्हणून मधला प्रोजेक्टर बंद करतो. विंडोजला वाटतं, एक पडदा गेला. ते उरलेले दोन पुन्हा मांडतं. प्रोजेक्टर परत चालू केला की तिसरा पडदा शेपटीला जोडला जातो, आणि डावीकडचं चित्र उजवीकडे, मधे डेस्कटॉपचा वॉलपेपर. सॉफ्टवेअरवाला म्हणतो वायरी हलल्या, वायरीवाला म्हणतो सॉफ्टवेअर बिघडलं. दोघांचंही चूक. प्रत्येक आउटपुटला ईडीआयडी एम्युलेटर (तोच बायोडेटा सतत सांगत राहणारं छोटं यंत्र) लावा, किंवा व्यावसायिक ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये ईडीआयडी साठवून लॉक करा. मग प्रोजेक्टर बंद झाला तरी संगणकाला तो जागेवरच दिसत राहतो. भाड्याच्या कामात याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही.

याच बायोडेट्यातून आणखी एक घोळ होतो. एक प्रोजेक्टर १९२० बाय १२०० चा आणि शेजारचे दोन १९२० बाय १०८० चे. प्रत्येकाला त्याच्या आवडीचा सिग्नल जातो आणि ब्लेंडच्या पट्ट्यात, म्हणजे शेजारची दोन चित्रं एकमेकांवर येतात तिथे, रेषा दुहेरी दिसायला लागतात. पोरं लगेच प्रोजेक्टर हलवायला धावतात. थांबा. आधी एक-एक पिक्सेल काळी-पांढरी उभी रेष असलेला पॅटर्न सोडा. रेषा एकसारख्या, कुरकुरीत दिसल्या तर चित्र पिक्सेलला पिक्सेल जातंय, मग खुशाल प्रोजेक्टरला हात लावा. पण मधेच जाड-बारीक लाटा दिसल्या तर कुठेतरी स्केलिंग (चित्र ताणणं-आवळणं) होतंय, आणि ते स्क्रू फिरवून जाणार नाही. तिन्हींना एकच रिझोल्यूशन सक्तीने द्या. हिशेबही एकदा कागदावर मांडून ठेवा: तीन प्रोजेक्टर १९२० चे, दोन ठिकाणी २८८ पिक्सेलचा ओव्हरलॅप, म्हणजे कॅनव्हास ५१८४ पिक्सेल रुंद. व्हिडिओ बनवणाऱ्याने ५७६० चा पाठवला असेल तर ब्लेंड कितीही जुळवा, गणपतीची सोंड पट्ट्यात जुळायची नाही.

आता ते पांढरे ठिपके. एचडीएमआयच्या नेहमीच्या पद्धतीत चित्राच्या डेटाला चूक-दुरुस्ती नसते. वायर क्षमतेच्या काठावर आली की एकेक पिक्सेल चुकतो, आणि मग अचानक चित्रच जातं. साध्या तांब्याच्या वायरीवर फोर-के साठ फ्रेम असेल तर मी पाच-सात मीटरच्या पुढे विश्वास ठेवत नाही. १०८० साठी चांगली जाड वायर दहा-पंधरा मीटर जाते. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय, नाहीतर एचडीबेसटी. ऑप्टिकल वायरीला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर चित्र येत नाही, आणि हे नेमकं सगळ्या वायरी छताला बांधून झाल्यावर कळतं. ओढण्याआधी जमिनीवरच तपासा. एसडीआय मला या बाबतीत आवडतो: ईडीआयडीची विचारपूस नाही, त्याचं बीएनसी टोक फिरवून घट्ट बसतं, कोणाचा पाय लागून निघत नाही.

कॅट-सिक्स घेताना बंडल हातात घेऊन बघा. फार हलकं लागलं तर आत शुद्ध तांबं नाही, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. लॅमिंग्टन रोडला दुकानदार आपणहून सांगत नाही, तुम्हीच विचारा. टेबलावर चालेल. रोज गुंडाळली-उलगडली की आत तुटते. आणि खाडीकाठच्या दमट हवेत जुन्या टोकांवर थर चढतो. पावसाळ्याआधी टोकं साफ करा नाहीतर सरळ कापून नवी क्रिंप करा.

नेटवर्कच्या बिघाडात पहिल्यांदा स्विचवरचा दिवा बघा. दिवाच नाही तर वायर किंवा पोर्ट. दिवा आहे पण एनडीआयचं चित्र अडखळतंय, तर लिंकचा वेग तपासा. गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएस दोन जोड्यांवरही चालतं. एक जोडी तुटली की लिंक गुपचूप १०० वर उतरू शकते. १०८० साठ फ्रेमचा एक पूर्ण दर्जाचा एनडीआय प्रवाह १०० च्या वर जातो, मग तो त्यात बसणार कसा? आणि सगळे दिवे एकाच तालात वेड्यासारखे लुकलुकत असतील तर कोणीतरी एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये घातली आहेत.

शोच्या नेटवर्कवर पत्ते हाताने द्या. सर्व्हर १९२.१६८.१०.११ पासून, प्रोजेक्टर ५१ पासून, मास्क सगळ्यांना २५५.२५५.२५५.०, आणि यादी रॅकच्या दारावर चिकटवा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्या यंत्राला पत्ता मिळालेलाच नाही. पिंग (यंत्र उत्तर देतंय का ते नेटवर्कवरून विचारणं) कधी लागतो, कधी नाही, असं असेल तर संशयित यंत्राची वायर काढा आणि पुन्हा पिंग करा. उत्तर तरीही आलं? मग तोच पत्ता दुसऱ्या कोणाकडे आहे. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, नाहीतर सॉफ्टवेअर हॉलच्या वायफायवर जाऊन बसतं. विंडोजने नेटवर्कला 'पब्लिक' मानलं तर फायरवॉल निम्म्या गोष्टी अडवते, 'प्रायव्हेट' करा. आणि प्रोजेक्टर बंद केल्यावर पीजेलिंकने (नेटवर्कवरून प्रोजेक्टरला हुकूम देण्याची पद्धत) परत चालू होत नसेल, तर त्याच्या मेनूत इको स्टँडबाय आहे. त्यात नेटवर्क पोर्टही झोपतो. 'नेटवर्क स्टँडबाय' निवडा.

एक बिघाड भल्याभल्यांना फसवतो. तालमीत सगळं सुरळीत सुरू होतं आणि साधारण चार-सव्वाचार मिनिटांनी पडदे गोठतात. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा लावलं की चालतं. पुन्हा तेवढ्याच वेळाने गोठतं. आयोजक म्हणतो, मशीन तापतंय, पंखा लावा. पंख्याचा काही संबंध नाही. चित्र मल्टिकास्टने (एकच प्रवाह अनेक यंत्रांना) जातंय, स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (चित्र कोणत्या पोर्टना हवंय त्याची यादी ठेवणं) चालू आहे, पण 'हे चित्र अजून कोणाला हवंय?' असं अधूनमधून विचारणारा क्वेरियर नेटवर्कवर कोणीच नाही. कोणी विचारत नाही, म्हणून कोणी उत्तर देत नाही, आणि नेहमीच्या सेटिंगला २६० सेकंदांनी स्विच त्या पोर्टचं नाव यादीतून काढून टाकतो. एका स्विचवर क्वेरियर चालू करा, प्रश्न मिटला. कोणी सांगेल, स्नूपिंगच बंद करा. चालेल, पण मग सगळं चित्र सगळ्या पोर्टना जातं, आणि १०० एमबीपीएसचे बिचारे पोर्ट गुदमरतात. मी क्वेरियरच चालू करते.

जनरेटर असला की सर्व्हर आणि प्रोजेक्टरच्या जागी अर्थिंग नीट आहे का, ते वायरमनकडून मोजून घ्या. एचडीएमआय लावताना ठिणगी उडाली किंवा चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले, तर तांब्याची वायर काढा. मधे तांबं अजिबात नसलेली शुद्ध ऑप्टिकल वायर दोन टोकं विजेपासून वेगळी ठेवते. अर्थिंगची पिन तोडून पट्टे घालवणारे लोक भेटतील. त्यांना माझ्या सेटअपला हात लावू देत नाही.

आणि शो चालू असताना बिघडलं तर? आधी तिन्ही शटर बंद, एकट्या मधल्याचं नव्हे. एक काळा आणि दोन चालू हे जास्त डोळ्यांत खुपतं. मग निवेदकाला खूण करा, ती खूण तालमीतच ठरवून ठेवा. जादा वायर, एक रिसीव्हर आणि एक एम्युलेटर रॅकच्या तळाशी ठेवलेले असू द्या, गाडीत नको, गोडाऊनमध्ये तर मुळीच नको. संध्याकाळी सातला घोडबंदरवरून कळव्याच्या गोडाऊनला जाऊन परत येईपर्यंत आभारप्रदर्शन आटोपलेलं असतं.