घडीच्या टेबलाचा पाय मिटतो का? आधार आणि कडी लावताना या चुका टाळा

घरी घडीचं टेबल करताना सगळी मेहनत फळी आणि पायांवर जाते. उघडलेले पाय उघडेच कसे राहणार, हा विचार शेवटी येतो. मग हाताला लागेल ती कडी ठोकून काम उरकलं जातं, आणि टेबल तिथेच फसतं.

कडीचं काम पायाला हलू न देणं एवढंच. वजन तिने पेलायचं नाही. पाय अगदी काटकोनात उभा असेल, तर जरा धक्का लागताच तो आत मिटायला बघतो आणि सगळा जोर कडीच्या बारीक स्क्रूंवर येतो. म्हणून पायाचं खालचं टोक 5 अंशांच्या आसपास बाहेर झुकू द्या आणि फळीखाली लाकडी ठोकळा असा बसवा, की पाय त्याला टेकूनच थांबेल. आता टेबलावरचं वजनच पायाला ठोकळ्यावर दाबून धरतं. तपासायचं असेल तर टेबलावर दोन्ही हातांनी जोर द्या आणि दुसऱ्या कुणाला तरी कडी सरकवायला सांगा. ती अलगद सरकली पाहिजे. अडकत असेल, तर भार तिच्यावर येतोय.

दुसरी चूक पाय आणि फळी यांना जोडणाऱ्या तिरक्या टेकूची. दिसू नये म्हणून तो बिजागरीच्या अगदी जवळ लावतात. पाय 70 सेंमीचा आणि टेकू त्याला बिजागरीपासून 10 सेंमीवर जोडलेला असेल, तर खालच्या टोकाला बसलेला 5 किलोचा धक्का त्या जोडाशी 35 किलो होतो. तोच जोड 35 सेंमीवर नेला की 10 किलोच. थोडा दिसला तरी चालेल, टेकू खाली घ्या.

मधोमध दुमडणारा टेकू असेल, तर त्याचा सांधा सरळ रेषेत थांबवू नका. रेषेच्या 2-3 मिमी पुढे जाऊन तो टेकला पाहिजे, नाहीतर गुडघा लागला तरी मिटतो. बोटं चिमटतात तीही इथेच. लहान मुलं असतील तर कडी या सांध्यापासून लांबच हवी.

कडीच्या खिळीचं, म्हणजे सरकून अडकणाऱ्या दांडीचं, भोक आधी पाडून ठेवू नका. टेबल उघडून, पाय ठोकळ्याला टेकवून, मगच खूण करा. 8 मिमीच्या खिळीला 10 मिमीचं भोक दिलं, तर लाकूड झिजून ते लांबट होत जातं. बिजागरीचे स्क्रू प्लायच्या कडेत मारू नका, थर सुटतात. फिरणाऱ्या जोडाला साधा नट घड्या घालून घालून सैल होतो, तिथे वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) लावा.

एवढं करूनही डुगडुगतंय? टेबल उलटं ठेवा, पाय उघडा, एका हाताने पायाचं टोक हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट एकेका जोडावर ठेवत जा. सैल जोड बोटाला लगेच कळतो. सगळे घट्ट असून टेबल बाजूला झुलत असेल, तर दोन पायांना जोडणारी आडवी पट्टी लावायची राहिली आहे. ती खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावा.