टी-७२वर सामान बांधण्याआधी टरेट फिरवून बघा

रिसाल्यात, म्हणजे लष्कराच्या रणगाडा दलात भरती झालेला पोरगा अहिल्यानगरला टी-७२ टँक पहिल्यांदा जवळून बघतो, तेव्हा नजर जाते ती टरेटवरच्या, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजावरच्या १२५ मिमीच्या तोफेवर. माझीही तिथेच गेली होती. पण पुढे माझे जास्त तास गेले ते एअर क्लीनर साफ करण्यात आणि ट्रॅक (चाकांवरचा कड्यांचा पट्टा) ताणण्यात.

या टँकमध्ये माणसं तीनच. गनर तोफेच्या डावीकडे, कमांडर उजवीकडे, ड्रायव्हर पुढे मधोमध. गोळा भरायचं काम खाली फिरणाऱ्या ऑटोलोडरचं. त्यात २२ गोळे बसतात, गोळा वेगळा, त्याला ढकलणाऱ्या दारूचा चार्ज वेगळा. तो चालू असताना हात-कोपर आवरून बसायचं, यात सूट नाही. गोळा भरणारा चौथा माणूस नसल्याने टँक बुटका राहिला खरा, पण ट्रॅक निसटला की ४१ टनांच्या धुडासमोर सहाच हात असतात. म्हणून आपापलं काम पक्कं झालं की लगेच दुसऱ्याचं शिकायला लागा.

ड्रायव्हरने इंजिन सुरू करण्याआधी पंपाने ऑइल प्रेशर चढवायचं. रिव्हर्स ताशी जेमतेम ४ किलोमीटर, त्यामुळे थांबायची जागा निवडतानाच निघायची वाट बघून ठेवा.

आता जोडाजोडीबद्दल. आत एसी नाही, जागा नाही, म्हणून पाण्याचे कॅन, ताडपत्री, ट्रॅकच्या जादा कड्या सगळं बाहेर लटकतं. राजस्थानातल्या एका सरावात मी ताडपत्री घाईत बांधली. ती सरकून इंजिन डेकच्या जाळीवर बसली, हवा अडली, आणि तापमानाचा काटा चढत गेला. ड्रायव्हरने वेळेत ओरडून सांगितलं म्हणून इंजिन वाचलं. त्या दिवसापासून गाठ मारण्याआधी मी स्वतः टँकभोवती फेरी मारतो.

युक्रेनच्या युद्धात ड्रोनपासून वाचायला टँकांवर लोखंडी पिंजरे चढले. २०२४ मध्ये रशियन टँकांवर तर पत्र्याची अख्खी शेड दिसू लागली. जीव वाचवायला माणूस हे करणारच, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्यातल्या कित्येकांची टरेट नीट फिरत नव्हती, आणि ही किंमत फार मोठी आहे.

त्यामुळे काहीही बांधलं की टरेट हळूहळू पूर्ण फिरवा, तोफ खाली-वर करा. मग ड्रायव्हरला झाकण उघडून खरोखर बाहेर यायला लावा. तोफ भलत्या जागी थांबली तर त्याचं झाकण पूर्ण उघडत नाही. आणि टरेटच्या मागचं छोटं झाकण मोकळं ठेवा. फायरनंतर चार्जचं गरम पोलादी बूड तिथूनच बाहेर पडतं, आणि नवीन पोरं बिस्तरा बांधायला नेमकी तीच जागा शोधतात.